स्टेशनरी आणि स्टेशनरी

हे दोन शब्द देवनागरीत शेजारीशेजारी लिहिले, तर फरक दिसतच नाही. कानालाही तो कळत नाही. इंग्रजी स्पेलिंगमध्ये मात्र एका अक्षराचा फरक आहे. शेवटी 'ए-आर-वाय' असेल तर अर्थ स्थिर, जागचा न हलणारा. 'ई-आर-वाय' असेल तर वह्या, पेनं, पाकिटं, लेटरहेड.

मी डीटीपीचं काम करते. शाळा उघडायच्या आधी दुकानदारांच्या बिलबुकांच्या ऑर्डरी येतात आणि एखाद्या तरी मजकुरात 'बुक्स अँड'च्या पुढे हा 'ए' हमखास येतो. कॉम्प्युटर खाली लाल रेघ ओढत नाही, कारण त्याच्या दृष्टीने स्पेलिंग बरोबरच असतं, शब्द तेवढा भलता. बिलावर चक्क 'पुस्तकं आणि स्थिर' असं छापलं जातं. एकदा माझ्या नजरेतून ते सुटलं आणि नंबरिंग-बाइंडिंग झालेली सगळी बिलबुकं पुन्हा छापून द्यावी लागली. तेव्हा मी या शब्दांची पाळंमुळं शोधली.

मूळ एकच निघालं. लॅटिनमधला 'स्टेशनारिअस' म्हणजे एका ठिकाणचा. मध्ययुगीन युरोपात बरेच व्यापारी गावोगाव फिरून माल विकत. पण बोलोन्या, पॅरिस अशा विद्यापीठांच्या गावी पुस्तकवाला एकाच जागी दुकान थाटून बसे आणि ग्रंथाचे सुटे भाग विद्यार्थ्यांना नकलून घ्यायला भाड्याने देई. आपण 'ठाण मांडून बसणे' म्हणतो ना, तसा ठाण मांडून बसलेला माणूस. इंग्रजीत तो 'स्टेशनर' झाला. लंडनमध्ये सेंट पॉल कॅथेड्रलच्या आसपास या लोकांची दुकानं होती. १४०३ मध्ये त्यांची संघटना झाली, १५५७ मध्ये तिला राजसनद मिळाली. पुस्तकावरचा हक्क सांगायचा तर त्यांच्या वहीत नोंद करावी लागे. शेक्सपियरच्या कितीतरी नाटकांची नोंद त्याच वहीत आहे.

पुढे छपाई आणि प्रकाशन हे वेगळे धंदे झाले. स्टेशनरकडे उरले कागद, शाई, लेखण्या. ग्रोसरकडची ती ग्रोसरी, तशी स्टेशनरकडची ती स्टेशनरी. यातला 'ई' त्या दुकानदाराच्या नावातूनच आलाय. मला तरी हे कळल्यापासून पाठांतराची गरज पडलेली नाही.

'ए'वाल्या शब्दाने लॅटिनमधला 'ए' तसाच राखला आहे. तो विशेषण आहे. सिग्नलला थांबलेली गाडी, पायडल कितीही मारलं तरी जागेवरच राहणारी जिममधली सायकल, ही त्याची उदाहरणं. 'जिओस्टेशनरी' म्हणजे भूस्थिर उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे ३५,७८६ किलोमीटरवर असतो आणि पृथ्वीच्या स्वतःभोवतीच्या एका फेरीइतक्याच वेळात त्याचीही फेरी पुरी होते. म्हणून आपल्याला तो आकाशात एकाच जागी दिसतो आणि गच्चीवरची डिश एकदा नीट लावली की रोज फिरवावी लागत नाही.

मला सगळ्यात आवडलं ते आपल्या घरचं नातं. लॅटिनमधला 'उभं राहणे'चा धातू आणि संस्कृतातला 'स्था' ही एकाच कुळातली भावंडं. 'स्था'वरून स्थिर, स्थान, स्थानक आणि झिजून झालेलं ठाणे. शिलाहारांच्या लेखांत ठाण्याचं नाव श्रीस्थानक असं येतं. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून पहिली प्रवासी गाडी सुटली ती याच ठाण्याला. 'स्टेशन' आणि 'ठाणे' हे जुने भाऊबंद त्या दिवशी एकाच ठिकाणी भेटले. पोलीस स्टेशनला आपण पोलीस ठाणे म्हणतो, तेही म्हणूनच इतकं चपखल बसतं.

वापरताना एक जपायचं. 'ई'वाला शब्द नाम आहे, पण त्याचं अनेकवचन करत नाहीत. सामान कितीही असो, इंग्रजीत 'स्टेशनरीज' लिहू नये.

आता बिलबुकाचा मजकूर आला की मी आधी शेवटून तिसरं अक्षर बघते.