एकाच रकान्यात पोती, रुपये आणि टक्के

सांगलीच्या मार्केट यार्डातील एखाद्या अडत्याला हळदीच्या सौद्यांचा साप्ताहिक अहवाल संगणकाकडून करून घ्यायचा आहे, असे समजू. रकाने दोनच: डावीकडे बाब, उजवीकडे आकडा. उदाहरणादाखल आवक 12,480 पोती, सरासरी दर क्विंटलला 14,350.50 रुपये आणि दरवाढ 3.7 टक्के. संपूर्ण रकान्याला दोन दशांश स्थळांचा एकच साचा लावला, तर पोती 12,480.00 अशी छापली जातात आणि 0.037 या रूपात साठवलेली दरवाढ नुसती 0.04 होऊन बसते, जी वाचणाऱ्याला चार पैसे वाटली तर दोष त्याचा नाही.

आकड्यांचे आधीच मजकुरात रूपांतर करणे ही सोपी वाटणारी पळवाट आहे. पण मजकुराची बेरीज होत नाही आणि क्रम लावताना अक्षरे पाहिली जात असल्यामुळे 9 हा 14,350 च्या नंतर येतो. त्यापेक्षा मूळ मूल्याला हात न लावता, ओळ पाहून केवळ त्याचे दर्शनी रूप बदलणे केव्हाही बरे.

सॅस (SAS) या आकडेवारीच्या संगणक प्रणालीतील 'प्रोक रिपोर्ट' या अहवाल तयार करणाऱ्या भागात ही सोय आहे. रकान्याला जोडलेला गणनखंड, म्हणजे आज्ञांचा छोटा संच, प्रत्येक ओळीसाठी चालतो, बाब तपासतो आणि 'कॉल डिफाईन' ही आज्ञा त्या एका घरापुरता साचा ठरवते; टक्क्यांचा साचा 0.037 ला शंभराने गुणून दाखवतो, साठवलेली संख्या मात्र तीच राहते. येथे अनेकजण अडखळतात, कारण अहवाल डावीकडून उजवीकडे रचला जातो आणि आकड्याचा रकाना भरताना त्याच्या उजवीकडचे काहीच उपलब्ध नसते. म्हणून बाब डावीकडेच हवी. शिवाय बाबीचा रकाना गटाचा असेल, म्हणजे त्यानुसार ओळींचे गट पाडले असतील, तर गटाच्या पहिल्या ओळीनंतर त्यातले घर रिकामे असते. तेव्हा शेवटची बाब तात्पुरत्या चलात, म्हणजे मूल्य साठवणाऱ्या नावात, जपून ठेवावी लागते.

स्वल्पविरामांचा तयार साचा तीन-तीन अंकांनी तोडतो, त्यामुळे 14,35,000 चे 1,435,000 होते. आपल्या लाखांसाठी 'प्रोक फॉरमॅट' या साचे बनवणाऱ्या भागात स्वतंत्र साचा घडवता येतो.

बेरजेची ओळ मागितली, तर प्रणाली पोती, रुपये आणि टक्के निमूटपणे एकत्र मिळवून देते. त्या ओळीत हा रकाना कोराच ठेवावा.