टोस्ट आणि ग्रिल: पट्टे नका बघू, कडा बघा

'ग्रिल म्हणजे मोठं टोस्ट' हे ऐकून आता कान किटले. मुंबईत सँडविचच्या गाडीवर लोक बेधडक 'जंबो टोस्ट' मागतात, गाडीवाला वाद न घालता ग्रिल लावून देतो, आणि घरी जाऊन हेच लोक म्हणतात की टोस्टला पूर्वीची मजा राहिली नाही. अहो, तुम्ही टोस्ट खाल्लंच कुठे?

मसाला टोस्ट सगळ्यांच्या ओळखीचं. साधे दोन स्लाइस, अमूल बटर, हिरवी चटणी, हळद-मोहरीची बटाट्याची भाजी, वर कांदा-टोमॅटोच्या चकत्या. लांब दांड्यांच्या टोस्टरमध्ये दाबायचं, बाहेर डोकावणारा ब्रेड सुरीने उडवायचा आणि थेट शेगडीवर. ग्रिलला मोठा जंबो ब्रेड, बहुतेकदा तीन स्लाइस, मध्ये कच्च्या भाज्या, किसलेल्या चीजचा ढीग आणि विजेचं दाबयंत्र.

शेव कशावर, केचप आत की बाजूला, तुकडे सहा की चार, हे गाडीगणिक बदलतं. त्यावर भांडू नका. (मेयोनीजवर मात्र जरूर भांडा.)

खरा फरक कडांचा आहे. टोस्टरची दोन्ही पाती काठाला एकमेकांवर घट्ट बसतात, त्यामुळे ब्रेड चारी बाजूंनी चिकटून बंद होतो. वाफ आत कोंडते आणि भाजी तिच्यातच गरम होते. बाहेरून मात्र तापलेला धातू ब्रेडला सगळीकडून भिडलेला असतो. ब्रेडमध्ये पाणी आहे तोवर तो १०० अंशांच्या पुढे फारसा जात नाही, आणि खरपूस रंग धरायला १४०च्या आसपास जावं लागतं. बटाट्याची भाजी आधीच शिजलेली, घट्ट. ती फार पाणी सोडत नाही, म्हणून बाहेरचा ब्रेड पटकन कोरडा होऊन कुरकुरीत होतो.

ग्रिलच्या कडा उघड्या. वाफ बाजूने निघून जाते, आच फक्त वरून आणि खालून. काकडी-टोमॅटो दाबाखाली पाणी सोडतात आणि ते जातं मधल्या स्लाइसमध्ये. त्या बिचाऱ्याला धातू कुठूनच लागत नाही. वर कितीही देखणे काळे पट्टे उमटोत, तो भाजला जात नाही. 'अजून कडक करा' म्हणून काही उपयोग नाही. वरचा करपेल, मधला ओलाच राहील.

ग्रिलला चीजचा ढीग लागतो आणि टोस्टला का नाही, हे कोडंही इथेच सुटतं. ग्रिलमध्ये ते आधी मजले धरून ठेवायला लागतं, चव नंतर. टोस्टच्या कडा बंद असतात, त्याला धरून ठेवायला काही नको. टोस्टमध्ये चीज घालूच नये असं माझं ठाम मत आहे: बटाट्याची चव मरते आणि पहिल्याच घासाला टाळू भाजतो.

आणि म्हणूनच जंबो टोस्ट होत नाही. जेवढं पातं, तेवढं टोस्ट. जास्त भरलं तर दांड्यांची कडी लागत नाही. जबरदस्तीने लावलीच तर ब्रेड काठाला फाटतो आणि चटणी निखाऱ्यावर चरचरते.

घरचं त्रिकोणी खळग्यांचं विजेचं यंत्र कुठल्या घराण्यातलं? टोस्टच्या. कापून कडा बंद करणारं असं यंत्र ब्रेव्हिल कंपनीने १९७४ मध्ये ऑस्ट्रेलियात आणलं. त्यात तीन स्लाइस कोंबणाऱ्यांना मी काही सांगायचं सोडलंय. उलट पट्ट्यांच्या सपाट यंत्रात भरपूर बटाट्याची भाजी घातली, की ती बाजूने बाहेर येणारच.

ग्रिलच खायचं असेल तर गाडीवाल्याला एवढं सांगा: मधल्या स्लाइसला दोन्हीकडून बटर, चीज त्याला लागून वर आणि खाली, टोमॅटो त्याच्यापासून लांब. आणि पार्सल नको, तिथेच खा.