धारावी

मुंबईत माहीम आणि शीव या रेल्वे स्थानकांच्या मधली दाट झोपडवस्ती. उत्तरेस मिठी नदी. क्षेत्रफळ साधारण २ ते २.४ चौ. किमी. धरले जाते. लोकसंख्येचे अंदाज ६ ते १० लाखांदरम्यान आढळतात. भाडेकरू आणि कारखान्यातच झोपणारे कामगार कोणत्याच यादीत नीट उतरत नाहीत.

मूळ वस्ती कोळ्यांची. १९०९ च्या गॅझेटियरमध्ये मुंबईतील मोठ्या कोळीवाड्यांत धारावीचा उल्लेख आहे. त्यामुळे आपल्याला झोपडपट्टीत गणू नये, ही कोळीवाड्याची मागणी निराधार म्हणता येत नाही. येथील काळ्या किल्ल्याच्या (रिवा) काळाबद्दल मतभेद आहेत. काही लेखक तो मुंबईचा इंग्रज गव्हर्नर जेराल्ड आंजियरच्या कारकिर्दीत (१६६९–७७) नेतात. तटावरील शिलालेखात मात्र गव्हर्नर जॉन हॉर्नचे नाव व १७३७ हे साल आहे. त्याच वर्षी मराठ्यांनी साष्टी घेतली. खाडीपलीकडच्या या नव्या शेजाऱ्याला रोखण्यासाठी किल्ला उभारला असावा, हे अधिक पटते. जागेवर आधीची एखादी चौकी असणे अशक्य नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कातडी कमावण्याचे कारखाने आले, तर १९३० च्या दशकात सौराष्ट्री कुंभारांची वसाहत झाली.

घर बहुधा १० × १५ फुटांच्या आसपास. कोपऱ्यात मोरी, वर पोटमाळा किंवा पूर्ण मजला आणि तिथे जाणारी लोखंडी शिडी बाहेरून, गल्लीतच. नळाला पाणी ठरावीक वेळीच येते, म्हणून पिंपे भरून ठेवतात. जलवाहिन्या गटाराच्या कडेने किंवा गटारातूनच गेलेल्या असतात. पाणी बंद झाले की नळीतला दाब उतरतो. त्यात कोणी मोटर लावून पाणी ओढले तर गंजलेल्या सांध्यातून सांडपाणी आत शिरते. पाणी सुटल्यावर पहिल्या धारेला वास येतो तो यामुळे.

पुनर्विकासाचे टप्पे बरेच : १९७१ चा झोपडपट्टी कायदा, १९७६ ची गणना व फोटोपास (झोपडीधारकाला मिळालेले छायाचित्रासह ओळखपत्र), १९८५ चा पंतप्रधान अनुदान प्रकल्प, १९९५ ची २२५ चौ. फुटांची ‘झोपु’ (झोपडपट्टी पुनर्वसन) योजना आणि २००४ चा स्वतंत्र धारावी प्रकल्प. त्याच्या निविदा वारंवार फसल्या. २०२२ मध्ये ५,०६९ कोटींची अदानी समूहाची बोली सरस ठरली. १ जानेवारी २००० पूर्वीच्या तळमजल्यावरील पात्र रहिवाशाला धारावीतच ३५० चौ. फूट मोफत मिळणार आहेत. त्यानंतर २०११ पर्यंत आलेल्यांना धारावीबाहेर ३०० चौ. फूट, अडीच लाखांत. वरच्या मजल्यावरील लोकांना बाहेरच, भाड्याने किंवा भाडे-खरेदीने.

अडचण कागदांची आहे. फोटोपास आजोबांच्या नावे, वीजबिल मूळ मालकाचे, खोलीचा व्यवहार नोटरी केलेल्या मुद्रांकावर. परिशिष्ट २ मध्ये, म्हणजे पात्र रहिवाशांच्या यादीत, नाव अडते ते इथे. धंद्याचे गणित तर चटईक्षेत्रात (बांधकामाच्या मोजलेल्या जागेत) बसतच नाही. भंगाराच्या तेरावा कंपाउंडमध्ये निवडलेले प्लास्टिक छपराच्या पत्र्यावर वाळते, कुंभारवाड्यात कच्ची भांडी अंगणात सुकतात आणि चिंध्या-कापूस जाळणारी भट्टी अनेक घरांत सामाईक असते. पत्रा, अंगण व सामाईक भट्टी यांची मोजणी कोणाच्याच खोलीत होत नाही, आणि धूर काढणारी भट्टी बहुमजली इमारतीत लावता येत नाही.