सुनक यांना सदस्यांनी निवडलंच नव्हतं

‘ब्रिटनमधल्या हुजूर पक्षाच्या सदस्यांनी मतं देऊन ऋषी सुनक यांना नेता केलं’, हा दावा २०२२च्या दिवाळीपासून फिरतोय. सदस्यांचा कौल झाला होता खरा, पण त्यात सुनक हरले! ५ सप्टेंबरच्या निकालात लिझ ट्रस यांना ८१,३२६ मतं होती, सुनक यांना ६०,३९९. पंतप्रधान झालेल्या ट्रस यांचा कारभार दीड महिन्यात आटोपला. मग पक्षाने अट घातली: उमेदवारामागे किमान १०० खासदार हवेत. बोरिस जॉन्सन उमेदवारीची मुदत संपायच्या आदल्या रात्रीच बाजूला झाले, दुसऱ्या इच्छुक खासदार पेनी मॉर्डंट यांनी मुदत संपता संपता माघार घेतली. एकटे सुनक उरले. सदस्यांना विचारायची वेळच आली नाही. तारीख होती २४ ऑक्टोबर, नेमकं लक्ष्मीपूजन. आपल्याकडे फटाक्यांच्या आवाजात हा तपशील कोण वाचणार होतं?