डूलॅली

डूलॅली हे इंग्रजी बोलभाषेतील विशेषण असून चक्रम, डोके फिरलेला, भ्रमिष्ट असे त्याचे अर्थ आहेत. वैद्यकीय भाषेत त्याला स्थान नाही. कुणी विक्षिप्तपणे वागू लागला की तो ‘डूलॅली झाला’ असे ब्रिटनमध्ये आजही म्हणतात, तेही बहुधा चेष्टेने. शब्दाचे मूळ मात्र नाशिक जिल्ह्यातील देवळालीत आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रिटिशांनी देवळालीला लष्करी छावणी वसवली. थळ घाट चढून आलेला लोहमार्ग जवळून जात असल्याने जागा सोयीची होती. मुंबई बंदरात उतरलेल्या पलटणी येथे मुक्काम करून पुढे रवाना होत आणि नोकरीची मुदत संपलेले गोरे शिपाई मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत येथेच थांबत. ही जहाजे मुख्यतः हिवाळ्यात ये-जा करीत. हंगाम सरता सरता मुदत संपली, तर पुढच्या जहाजापर्यंत काही महिने छावणीतच काढावे लागत. हाताला काम नाही, डोक्यावर ऊन, खिशात थोडे पैसे आणि घरची ओढ. अशात दारू आणि दंगामस्ती वाढली नसती तरच नवल!

रॉयल वेल्श फ्यूझिलिअर्स पलटणीत शिपाई असलेले फ्रँक रिचर्ड्स यांनी १९३६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ओल्ड सोल्जर साहिब’ या आठवणींत या कंटाळवाण्या मुक्कामाचे वर्णन केले असून तेथील माणसांच्या चमत्कारिक वागण्यातूनच हा वाक्प्रचार निघाला असावा, असे म्हटले आहे. देवळालीत वेड्यांचे इस्पितळ होते म्हणून हा अर्थ आला, असाही खुलासा केला जातो. पण रिचर्ड्स यांचा रोख कंटाळ्यावर आहे आणि तोच अधिक पटण्याजोगा वाटतो. गंमत म्हणजे मुंबईकर गुजराती आणि पारशी कुटुंबे याच देवळालीला हवापालटासाठी जात. त्यांची सॅनेटोरियमे येथे उभी राहिली.

सैनिकांच्या तोंडी मूळ प्रयोग ‘डूलॅली टॅप’ असा होता. यातला ‘टॅप’ म्हणजे आपला ताप. देवळालीचा ‘ळ’ साहेबाच्या जिभेला झेपला नाही, तसा तापातला ‘ता’ही. पुढे हिंदुस्थानी न जाणणाऱ्या इंग्रजांना ‘टॅप’ म्हणजे डोक्यात मारलेली टपली वाटू लागली. अर्थाला तीही शोभून दिसत होती! कालांतराने ‘टॅप’ गळून नुसते ‘डूलॅली’ उरले.

बीबीसीवर १९७४ ते १९८१ या काळात चाललेल्या ‘इट एन्ट हाफ हॉट मम’ या विनोदी मालिकेची सुरुवात देवळालीच्या छावणीतच होते. भारतीय पात्रांच्या चित्रणावरून तिच्यावर बरीच टीका झाली. देवळालीत आता भारतीय लष्कराचे तोफखाना प्रशिक्षण केंद्र आहे. २००९ साली पुण्यात सुरू झालेल्या एका बिअर कंपनीने ‘डूलॅली’ हेच नाव घेतले, आणि तिच्या गुत्त्यांच्या पाटीवर ‘टॅप’ही पुन्हा आला, या खेपेला नळाच्या अर्थाने.