आली, आले, आलो

लग्न होऊन मी अमरावतीहून कोल्हापूरला आले, त्याला आता 19 वर्षं झाली. इथे मी 'आले' असं लिहिलं, कारण छापील मराठीत तसंच लिहितात. माहेरी बोलत असते तर 'मी आली' म्हटलं असतं. सासरी आमच्या गल्लीतल्या बायका सर्रास 'मी आलो' म्हणतात. बाई एकच, क्रियापद एकच, प्रत्यय तीन. दारावर थाप मारल्यावर आतून "कोण?" असा आवाज आला की अजूनही माझी जीभ क्षणभर अडते. त्या अडण्यापायीच मी एका वहीत तीन रकाने आखले आणि ऐकू येईल ते टिपू लागले.

वहीतली पहिली नोंद सांभाराची आहे. विदर्भात सांभार म्हणजे कोथिंबीर. पहिल्याच आठवड्यात मंडईत मी दहा रुपयांचा सांभार मागितला. भाजीवाल्या मावशी म्हणाल्या, "सांबार हाटेलात मिळतंय बाई, हितं भाजी मिळत्या." त्या दिवसापासून मी कोथिंबीरच मागते. आलूचा बटाटाही असाच चार दिवसांत झाला. 'मी स्वयंपाक करून राहिली' हे मात्र सुटता सुटलं नाही. इथे त्याला 'करालोय' म्हणतात, पुण्याकडे 'करतेय'. काय म्हणायचं ते मला पहिल्या महिन्यातच कळलं होतं, पण तोंडातून 'करून राहिली'च यायचं.

असं का होतं, याचा एक चांगला अभ्यास जॅक चेंबर्स या कॅनडाच्या भाषावैज्ञानिकाने 1992 साली प्रसिद्ध केला. कॅनडातून दक्षिण इंग्लंडात राहायला गेलेल्या दोन कुटुंबांतली सहा मुलं त्यांनी तपासली. भाषा दोन्हीकडे इंग्रजीच, फक्त वळण वेगळं. मुलांनी तिथले शब्द लवकर उचलले, उच्चार मात्र मागे राहिले. शब्द म्हणजे डब्यातली वस्तू, एक काढून दुसरी ठेवता येते. उच्चार आणि प्रत्यय हे हाताच्या सवयीसारखे असतात, विचार करायच्या आत घडून जातात. वयाबद्दलही चेंबर्सनी स्पष्ट लिहिलं आहे: सात वर्षांपर्यंतचं मूल नव्या ठिकाणची बोली जवळजवळ नक्कीच पूर्ण आत्मसात करतं आणि चौदा ओलांडलेलं जवळजवळ नक्कीच करत नाही. मी आले तेव्हा चोवीस वर्षांची होते.

कानाची गोष्ट वेगळी आहे. कान फार लवकर रुळतो. लग्नानंतर माझी आजी पहिल्यांदा कोल्हापूरला आली. ती जुन्या वऱ्हाडी वळणाची, तिच्या बोलण्यात 'ळ'चा 'य' व्हायचा. "डोये दुखून राहिले" असं ती म्हणाली तेव्हा आत्ती, म्हणजे माझ्या सासूबाई, गोंधळल्या. संध्याकाळपर्यंत 'शाया', 'काया', 'सकायी' त्यांना बिनचूक कळू लागलं, आणि नियम तर कुणीच सांगितला नव्हता.

2004 मध्ये क्लार्क आणि गॅरेट या दोन संशोधकांनी अमेरिकेत हेच घड्याळ लावून मोजलं. परक्या हेलातलं इंग्रजी ऐकताना श्रोत्यांचा समजण्याचा वेग आधी मंदावतो, पण साधारण मिनिटभरातच बराचसा भरून निघतो. आतमध्ये काय चालतं त्याचा माग त्याच्या आदल्या वर्षी, 2003 मध्ये लागला होता. नॉरिस, मॅक्वीन आणि कटलर यांनी डच लोकांना 'फ' आणि 'स' यांच्या अधलामधला एक संदिग्ध आवाज ऐकवला. ज्यांना तो 'फ'ने संपणाऱ्या ओळखीच्या शब्दांत ऐकू आला, ते पुढे तसले आवाज जास्त करून 'फ' म्हणून ओळखू लागले. ज्यांना 'स'च्या शब्दांत ऐकू आला, ते 'स' म्हणून. म्हणजे ओळखीचा शब्द मेंदूचा हात धरतो आणि मेंदू दोन ध्वनींमधली कुंपणाची रेघ थोडी सरकवतो. आत्तींना 'डोळे' शब्द ठाऊक होता, दुखणं ठाऊक होतं. तेवढ्यावर 'य'ला 'ळ'ची जागा मिळाली.

काही गोष्टी मात्र कानालाही चटकन सापडत नाहीत. आपल्या मराठीतला 'जग' शब्द घ्या. 'जग पाहिलं' मधला 'ज' टाळूजवळचा आणि 'सुखानं जग' मधला दातांजवळचा. 'चार' आणि 'चोर' यांतले 'च'ही असेच वेगळे. लिहिताना अक्षर एकच, म्हणून वाचून काही कळत नाही, बहुतेक शब्द एकेक करून कानावर पडावे लागतात. अमेरिकेत फिलाडेल्फियाजवळच्या वस्तीत आरव्हिला पेन यांनी बाहेरून आलेल्या कुटुंबांतल्या मुलांचा अभ्यास केला, तेव्हा साधे स्वरबदल मुलांनी पटापट उचललेले दिसले. पण तिथे एका स्वराचे दोन उच्चार आहेत, कोणत्या शब्दात कोणता ही वाटणी शब्दागणिक ठरते आणि ती बहुतेकांना पूर्ण जमली नव्हती. ती पक्की येण्यासाठी आईवडीलही तिथलेच असावे लागत होते. हिंदी मुलखातून येऊन वर्षानुवर्षं मराठी बोलणाऱ्या माणसाचा 'चांगला' वेगळा ऐकू आला, की मला हा अभ्यास आठवतो आणि त्याने बाकी किती कमावलंय हे दिसतं.

माझा मुलगा इथेच जन्मला. तो "अभ्यास करालोय" म्हणतो, अगदी इथल्या हेलात. चौथीत असताना त्याने विचारलं, "आई, मावशीचा फोन आला की तू दुसरीच कोणतरी का होतीस?" या दुसरं होण्याला हॉवर्ड जाइल्स या सामाजिक मानसशास्त्रज्ञाने 1970 च्या दशकात सिद्धान्ताचं रूप दिलं. समोरच्याशी जवळीक हवी असली की आपण नकळत त्याच्या वळणाकडे सरकतो, अंतर ठेवायचं असलं की लांब जातो. 1977 मध्ये जाइल्स आणि बूर्ही यांनी वेल्समध्ये दाखवून दिलं, की एका ठसठशीत इंग्रजी वळणाच्या माणसाने वेल्श भाषेला मरू घातलेली म्हणून हिणवलं, तेव्हा ती आवडीने शिकणाऱ्या लोकांचा वेल्श हेल उत्तरं देताना उलट अधिक गडद झाला.

हे वाचलं तेव्हा मला पुण्यातलं एक प्रशिक्षण आठवलं. माझ्या 'काय करून राहिले?'वर तिथे एकजण मोठ्याने हसला आणि "शुद्ध बोला" म्हणाला. त्यानंतरचे तीनही दिवस मी ठरवल्यासारखी वऱ्हाडी बोलले, कोल्हापुरात सुटत आलेली रूपंसुद्धा परत आली. तो हट्ट आहे असं तेव्हा मलाच वाटलं होतं. आता मी त्याला हट्ट म्हणत नाही. लहान मुलाला वर्गात असं कुणी 'अशुद्ध' म्हटलं की मला आजही राग येतो, कारण 'करून राहिली'ला 'करतेय'इतकंच पक्कं व्याकरण आहे.

विल्यम लबॉव्ह या अमेरिकी भाषावैज्ञानिकाने 1963 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मार्थाज व्हिनयार्ड या अमेरिकी बेटाबद्दल दाखवलं, की बेटावरच राहायचं ठरवलेल्या तरुणांचे उच्चार जास्त बेटाच्या वळणाचे होते आणि बाहेर जायचा विचार असलेल्यांचे कमी. कुठे राहायचं मनात आहे, ते स्वरांत उतरलं होतं.

मग ज्यांना राहायचं की नाही हे कुणी फारसं विचारत नाही, त्यांचं काय? 2011 च्या जनगणनेनुसार देशात 45 कोटींहून अधिक लोक स्थलांतरित होते. त्यांत बायकांचं प्रमाण फार मोठं आणि बायकांच्या स्थलांतराचं सर्वांत मोठं कारण लग्न. म्हणजे तरुणपणी बोली बदलण्याचा हा एवढा मोठा प्रयोग घराघरांत पिढ्यानपिढ्या चालू आहे. जुन्या बोलीसर्वेक्षणांना मात्र हवे असत गाव न सोडलेले, वयस्कर, खेड्यातले पुरुष, म्हणजे बोली 'निर्भेळ' मिळते. लग्न होऊन आलेली बाई ही भेसळ ठरली.

ब्रिटिश काळातले अधिकारी आणि भाषाभ्यासक ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचा मराठीचा सातवा खंड 1905 चा. ठिकठिकाणच्या बोलींचा मुख्य नमुना म्हणून त्यांनी बायबलमधली उधळ्या पुत्राची कथा भाषांतरित करून घेतली होती. तुलनेसाठी कल्पना उत्तमच. पण त्या कथेत बोलतात तो धाकटा मुलगा, बाप, चाकर आणि थोरला भाऊ. त्यात एकही बाई 'मी' म्हणत नाही. माझ्या वहीतले तीन रकाने त्या गोष्टीतून निघणंच शक्य नव्हतं.

'आलो' कुठून आलं असेल? कानडीत प्रथमपुरुषी क्रियापदाला लिंग नसतं, बाप्या काय नि बाई काय, रूप एकच. शेजार कानडीचा, त्यामुळे मला मूळ तिकडेच दिसतं. मागच्या रविवारी भाजी निवडताना हे मी आत्तींना सांगत होते. त्यांचं माहेर कुडाळकडचं. घाट चढून वर आल्या त्याला पन्नास वर्षं होऊन गेली आणि त्यांच्या तोंडून मी आजवर 'आलो'च ऐकलेलं.

"लग्नाआधी काय म्हणायचात हो आत्ती? घरी पोचल्यावर?"

त्यांचा हात थांबला. मेथीची काडी तशीच धरून त्या जरा वेळ बसून राहिल्या.

"इलंय," त्या म्हणाल्या. मग पुन्हा एकदा, थोड्या मोठ्याने, "आई गे, मी इलंय."

मी वही आणून चौथा रकाना आखला.