युरोपची मोठी सहल : तिकीट काढण्याआधी हे वाचा

हिवाळ्यात विमान कंपन्यांचे सेल लागले की आमच्या सहल-आखणीच्या ऑफिसात एक वाक्य हमखास कानावर पडतं : "तिकिटं काढून झाली, स्वस्तात मिळाली. आता बाकीचं तुम्ही बघा." तिकीट असतं मुंबई–पॅरिस–मुंबई. मे महिन्यातलं, तीन आठवड्यांचं, रद्द केलं तर पैसे परत न मिळणारं. सोबत चिठ्ठीवर शहरांची नावं : पॅरिस, रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस, व्हिएन्ना, प्राग. जमलं तर बुडापेस्ट.

चिठ्ठी छान असते, घोळ असतो तो तिकिटाचा. हे पत्रक मुख्यतः त्यासाठीच काढलं आहे. शेंगेन म्हणजे काय, युरो कुठे चालतो, स्वेटर किती न्यायचे, हे आता बहुतेकांना ठाऊक असतं, त्यामुळे त्यात शिरत नाही.

उतरायचं एका शहरात, निघायचं दुसऱ्यातून

नकाशा समोर धरा. रोमहून फ्लॉरेन्स वेगवान गाडीने दीड तास. तिथून व्हेनिस दोन-सव्वादोन तास. व्हेनिसहून व्हिएन्ना सात-आठ तास, आणि व्हिएन्नाहून प्राग चार तास. दक्षिणेकडून उत्तरेकडे सरळ जाणारी वाट आहे ही, कुठेही मागे फिरायला नको. पण ती संपते प्रागला आणि तुमचं परतीचं विमान सुटतं पॅरिसहून. मध्ये साधारण नऊशे किलोमीटर.

"विमानाने दोन तास तर लागतात," असं यावर ऐकायला मिळतं. आकाशात दोन तास, हे खरं. पण सकाळी बॅगा भरा, हॉटेल सोडा, दोन तास आधी विमानतळावर पोचा, उतरल्यावर बॅगांची वाट बघा, शहरात या, नव्या हॉटेलात चेक-इन करा, की संध्याकाळ झाली. स्वस्त विमान पकडलं तर मोठ्या बॅगेचे पैसे वेगळे. शिवाय काही स्वस्त कंपन्यांची "पॅरिस"ला जाणारी विमानं बोव्हेला उतरतात. ते गाव पॅरिसपासून ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटरवर आहे. म्हणजे एक दिवस, एक जास्तीचं विमान आणि ज्या शहरात पाहायचं काही उरलेलं नाही तिथली एक जास्तीची रात्र. चौघांच्या कुटुंबाचा हा हिशेब मांडला की सेलमध्ये वाचलेले पैसे बहुतेक वेळा तिथेच संपलेले दिसतात.

उपाय साधा आहे. विमान कंपनीच्या वेबसाइटवर "राउंड ट्रिप"च्या शेजारी "मल्टी सिटी" असा पर्याय असतो. त्यात मुंबई–रोम आणि प्राग–मुंबई असं एकाच पीएनआरवर तिकीट निघतं. दोन वेगळी एकेरी तिकिटं काढू नका, ती बऱ्याचदा महाग पडतात. मुंबईहून प्रागला थेट विमान नाही. वाटेत, बहुधा आखातात किंवा इस्तंबूलला, बदलावंच लागतं, आणि तिथे पहिल्या विमानाच्या उशिरामुळे पुढचं चुकलं तर एकाच पीएनआरवर तुम्हाला पुढे पोचवणं ही कंपनीची जबाबदारी असते. वेगवेगळ्या तिकिटांवर तो भुर्दंड तुमचा.

हे सांगितलं की काहींना वाटतं, तिकीट आमच्याकडूनच काढावं म्हणून आमचा हा खटाटोप. तसं नाही. विमानाच्या तिकिटावर आमच्यासारख्याला सुटतं ते नगण्य. तिकीट खुशाल स्वतः काढा, कार्डाचे पॉइंट वापरा. फक्त आखणी झाल्यावर काढा.

वार बघितल्याशिवाय तारीख ठरवू नका

सोमवारी सकाळी पॅरिसला उतरलात आणि बुधवारी सकाळी निघालात. दोन रात्री, दोन दिवस. व्हर्सायचा राजवाडा सोमवारी बंद, ऑर्से संग्रहालय सोमवारी बंद, लूव्र मंगळवारी बंद. म्हणजे मोनालिसा उतरल्या दिवशीच गाठायची, आणि व्हॅन गॉग व चौदाव्या लुईचं दालन दोन्ही एकाच मंगळवारी कोंबायचं. एप्रिल २०१९ च्या आगीनंतर डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा उघडलेलं नोत्र दाम चर्च तेवढं दोन्ही दिवशी बघता येईल, तेही फुकट. पण त्यासाठी एवढ्या लांब कोण जातं? हेच दोन दिवस बुधवार-गुरुवार असते तर सगळं आरामात जमलं असतं. लूव्र बुधवारी रात्री नऊपर्यंत उघडं असतं, ऑर्से गुरुवारी रात्री पावणेदहापर्यंत.

प्रत्येक शहराचा असा एक रुसलेला वार आहे. फ्लॉरेन्समधली उफित्सी आणि मायकेलअँजेलोचा डेव्हिड असलेली अकादेमिया, दोन्ही सोमवारी बंद. रोमची बोर्गेझे गॅलरीही सोमवारी बंद, आणि इतर दिवशी दोन-दोन तासांच्या ठरावीक पाळीनेच प्रवेश. व्हॅटिकनची संग्रहालयं रविवारी बंद. महिन्याच्या शेवटच्या रविवारी ती उघडी आणि फुकट असतात, पण दुपारपर्यंतच, आणि गर्दी अशी की सिस्टीन चॅपलचं छत बघायला मान वर करावी तर मागचा पुढे ढकलत असतो. तो रविवार आम्ही मुद्दाम टाळतो. बुधवारी सकाळी पोपचा जाहीर दर्शनाचा कार्यक्रम असला की सेंट पीटर्समध्ये आत जाता येत नाही. प्रागची ज्यू सिनेगॉग शनिवारी बंद.

आता यात तिकिटाचा काय संबंध? हाच, की उतरण्याचा वार एका दिवसाने सरकवला तर पुढची सगळी साखळी नीट जुळते. तिकीट आधीच निघालं असेल तर आम्हाला ती साखळी उलटीकडून जुळवावी लागते. एका कुटुंबाच्या आखणीत आमचा वेळ सर्वांत जास्त कशात जात असेल तर यात.

शिवाय ही तिकिटं वेळेची असतात आणि कलोसियमची तर नावाची. पासपोर्टवर जसं नाव, तसंच तिकिटावर. "आमच्याबरोबर मावशीही येताहेत" हे नंतर कळवून भागत नाही. उतरल्या दिवशी वेळेचं कुठलंही तिकीट आम्ही काढत नाही. ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांत, ईईएस ही प्रवाशांच्या ये-जा नोंदीची पद्धत सुरू झाली आहे. पहिल्या विमानतळावर फोटो घेतात आणि बोटांचे ठसे तपासतात, आणि रांग किती लांब लागेल ते सांगता येत नाही.

व्हिसाही आखणीवरच ठरतो

"कुठल्या देशाची अपॉइंटमेंट लवकर मिळते तिथे टाकू" हा सल्ला व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत असतो. तो मानू नका. नियम असा की ज्या देशात तुमचा मुक्काम सर्वांत जास्त, त्या देशाकडे अर्ज करायचा. दोन देशांत मुक्काम सारखाच असेल तर जिथे आधी उतरणार त्या देशाकडे. वरच्या चिठ्ठीत रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस मिळून इटलीच्या रात्री सर्वांत जास्त होतात. तिकीट पॅरिसचं असलं तरी अर्ज इटलीकडेच.

अर्जासाठी विमानाचं आरक्षण दाखवावं लागतं. पैसे भरून पक्कं काढलेलं तिकीट लागत नाही. उलट व्हिसा हातात येईपर्यंत परत न मिळणारं तिकीट काढू नये, हेच शहाणपण. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. निर्णयाला साधारण पंधरा दिवस, पण काही वेळा पंचेचाळीसही लागतात. मे महिन्याच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी मार्चपर्यंत थांबू नये. मोठ्यांची फी ९० युरो, सहा ते अकरा वर्षांच्या मुलांची ४५. अर्ज केंद्राचं शुल्क वेगळं. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा हवा. लंडन जोडायचं असेल तर ब्रिटनचा व्हिसा स्वतंत्र.

खोटी हॉटेल बुकिंगं दाखवून मुक्काम फिरवायचं काम आम्ही करत नाही. दुसरीकडे करून मिळतं म्हणतात, मिळत असेल.

"रोममध्ये पाच रात्री काय करायचं?"

हा आमचा आवडता प्रश्न. तीन आठवड्यांसाठी आम्ही बहुधा असं सुचवतो : रोम पाच रात्री, फ्लॉरेन्स चार, व्हेनिस दोन, व्हिएन्ना चार, प्राग चार. पॅरिस वेगळ्या सहलीसाठी ठेवा, ते शहर पळून जात नाही. एवढ्या दिवसांत दहा-बारा शहरं पाहायची असतील तर मोठ्या कंपन्यांच्या बस-टूर आहेत. त्यांत रोज गरम जेवण मिळतं, सोबत मिळते, आणि पहिल्यांदाच जाणाऱ्या वयस्कर मंडळींना त्या सोयीच्याही पडतात. त्यांची निंदा आम्ही करणार नाही. पण रोज सकाळी सहाला बॅग दाराबाहेर ठेवायचा कंटाळा आल्यावरच लोक आमच्याकडे येतात.

रोमचं म्हणाल तर एक दिवस कलोसियम, फोरम आणि पॅलेटाइन टेकडी. तिन्हींचं तिकीट एकच असतं आणि एवढं चालल्यावर पाय बोलायला लागतात. एक दिवस व्हॅटिकन. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, नाहीतर सेंट पीटर्सच्या दारातून परत पाठवतात. एक दिवस पँथिऑन, नवोना चौक आणि बोर्गेझे. एक दिवस गाडीने ओस्तिया अंतिका, रोमचं जुनं बंदर. पाँपेईची गर्दी आणि लांबचा प्रवास टाळून रोमन शहराचे रस्ते, दुकानं, सार्वजनिक शौचालयंसुद्धा तिथे बघायला मिळतात. आमच्या ग्राहकांना हे ठिकाण फार आवडतं, आणि चिठ्ठीत ते कधीच नसतं.

फ्लॉरेन्सला चार रात्री यासाठी की त्यात सोमवार आला तरी तो सिएना किंवा पीसात घालवता येतो. तिथल्या कॅथेड्रलच्या, ब्रुनेलेस्कीने बांधलेल्या घुमटावर चढायचं असेल तर आधी वेळ राखून ठेवावी लागते. पायऱ्या ४६३, लिफ्ट नाही. गुडघ्यांना विचारून सांगा.

व्हेनिसहून व्हिएन्नाला रात्रीची गाडीही आहे, पण आम्ही दिवसाची सुचवतो. तिकिटाच्या किमतीत आल्प्स बघून होतात आणि वाटेत सेमरिंगचा घाट लागतो. १८५४ मध्ये पूर्ण झालेली ही डोंगरी रेल्वे जागतिक वारसा आहे. आपल्या बोरघाटातून गाडी धावली ती १८६३ मध्ये. खिडकीजवळची जागा मागून घ्या.

रेल्वेचा पास घ्यावा का, असं बरेच जण विचारतात. चार-पाच प्रवासांसाठी तो बहुधा परवडत नाही. इटलीतल्या वेगवान गाड्यांना पास असूनही आरक्षणाचे पैसे वेगळे पडतात. सुटी तिकिटं लवकर काढली तर स्वस्त मिळतात.

बॅगांचं थोडक्यात सांगतो. व्हेनिसमध्ये मोटार नाही, पण पूल पावलोपावली आणि पुलांना पायऱ्या. म्हणून तिथलं हॉटेल आम्ही सांता लुचिया स्टेशनच्या जवळ घेतो. थोडं महाग पडतं, पण मोठी बॅग उचलून चार पूल ओलांडलेल्या माणसाने त्याबद्दल कधी कुरकुर केलेली नाही. मुक्कामी पाहुण्यांना व्हेनिसचं प्रवेशशुल्क पडत नाही, ते दिवसापुरत्या येणाऱ्यांसाठी आहे. हॉटेलांत शहराचा कर मात्र वेगळा भरावा लागतो. तो बहुधा तिथेच घेतात, आमच्या कोटेशनमध्ये नसतो.

खाण्याचं सामान : भाजणी, मेतकूट, चटण्या खुशाल न्या. तूप, पेढे, बर्फी नेऊ नका. युरोपीय संघाबाहेरून दुधाचे पदार्थ आणायला प्रवाशांना बंदी आहे. म्युनिकच्या भाच्यासाठी हापूसही नाही. ताज्या फळांपैकी केळी, अननस, नारळ, खजूर आणि डुरियन एवढीच प्रमाणपत्राशिवाय चालतात.

आमच्या शुल्काबद्दल

आखणीचं शुल्क आम्ही आधी घेतो आणि बुकिंग आमच्याकडून केलंत तर ते बिलातून वजा करतो. आधी का? कारण वार, वेळा, गाड्या आणि व्हिसा जुळवून केलेली आखणी हेच आमचं काम आहे. ती घेऊन तुम्ही स्वतः बुकिंग केलंत तरी आमची तक्रार नाही. पॅकेज घेतल्यास त्यावर टीसीएस, म्हणजे विकणाऱ्याने आधीच गोळा करायचा आयकर, लागतो. तो आयकर विवरणपत्र भरताना वळता करून घेता येतो, पावती जपून ठेवा.

तिकीट आधीच काढलं असेल तर

तरीही या. आधी तारीख किंवा शहर बदलायला कंपनी किती घेते ते बघू. कधीकधी ती रक्कम त्या जास्तीच्या दिवसापेक्षा कमी निघते. बदल होत नसेल तर उतरल्या दिवशीच पॅरिसहून रोमला पुढे निघायचं, मधे किमान सहा तास ठेवून, आणि पॅरिसचे सगळे दिवस शेवटी सलग ठेवायचे. त्यात एक विमान जास्तीचं पडतंच, पण पॅरिसचे दोन तुकडे होत नाहीत आणि परतीच्या आधीची रात्र वाया जात नाही.

येताना सर्वांचे पासपोर्ट आणा. परतीनंतर किमान तीन महिने मुदत आणि दोन कोरी पानं हवीत. जुने व्हिसा असलेले पासपोर्टही आणा, ऑफिसातून रजा मिळण्याच्या नक्की तारखा आणा, आणि शहरांची ती चिठ्ठी. त्यातलं कुठलं शहर गाळलं तर चालेल, हे घरात आधी बोलून ठेवलंत तर पहिली भेट तासाभरात आटपते.